चोवीस रेघांचं हॉलंड

आमच्या पॅकहाऊसमध्ये केळी धुवायचा हौद आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर मी कोळशानं दुनिया काढलेली आहे. पाहुणे येतात, मोबाईलवर तिचा फोटो काढतात आणि हसतात. हसू द्या.

नकाशा म्हणाल तर तो मला येत नाही. मी दुसरीपर्यंत शिकली, ती बी दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. मास्तर आले तर शाळा, नाही तर वावर. म्हणून मी देशाचं चित्र काढते आणि चित्रापुढं रेघा मारते. उंट म्हणजे दुबई, सहा रेघा. खजुराचं झाड म्हणजे मस्कत, पाच रेघा. डोंगर आणि डोंगराखाली ट्रक म्हणजे उझबेकिस्तान, बावीस रेघा. एक रेघ म्हणजे एक दिवस. इथं खोकं बंद केल्यापासून तिथल्या माणसानं ते उघडेपर्यंत जितके दिवस, तितक्या रेघा. बंदरात जहाजाची खोटी होते ती बी धरून.

हे मी बोलतेय आणि मयूरीताई लिहून घेतेय. दिवाळी अंकवाले म्हणाले, अक्का, तुमच्या कामाचं लिहा. मी म्हटलं, माझ्या हातात विळा द्या, पेन नको. मयूरीताई आमची सुपरवायझर. धुळ्याला देवपुरात वाढली, शेतीचं कॉलेज केलं. माझ्या नातीएवढी आहे, पण ती मला अक्का म्हणते आणि मी तिला ताई म्हणते. पुढं तिचं नाव येईल तिथं ती पेन थांबवेल. मी आत्ताच बजावलंय, जसं झालं तसं लिही.

आधी काम सांगते. शहरातल्या माणसाला वाटतं केळी झाडावर पिवळी होते आणि मग विकतात. तसं नाही. घड हिरवाच कापतात. कोवळ्या केळीच्या अंगावर धारा असतात, चौकोनी पेन्सिलीला असतात तशा कडा. केळी भरत जाते तशा त्या कडा बुजतात आणि फळ गोल होतं. जितकी गोल, तितकी लवकर पिकणार. आता देश पाच दिवसांवर असला तर गोल केळी चालते. देश बावीस दिवसांवर असला तर कडा शिल्लक असलेलीच पाहिजे, नाही तर वाटेतच पिकून बसते. आणि एक फणी पिकली की ती खोक्यातल्या बाकीच्यांना पिकवते. गावात एकानं भांडण काढलं की सगळी गल्ली भांडते, तसंच.

तर कोणता घड कोणत्या देशाला, हे ठरवणं माझं काम. पोरांकडं मोजायचं लोखंडी माप आहे, ते बी वापरतात. पण लाईनीवर फणी आली की मी अंगठा केळीच्या पाठीवरून आडवा फिरवते आणि सांगते, हे उंटाला, हे डोंगराला, हे जळगावच्या बाजाराला. पंधरा वर्षं झाली.

त्याच्या आधी सगळी कामं केली. माहेरी असताना दोंडाईच्याच्या व्यापाऱ्यांकडं मिरचीचे देठ खुडायला जायची. दिवसभर हात असे जळायचे की घरी भाकरीचं पीठ मळायला शेजारीण लागायची. लग्न झालं, दीपनगरला वीजकेंद्राच्या वस्तीत आलो. नवरा ठेकेदाराकडं कामाला होता. तो तापानं गेला तेव्हा मोठा पोरगा सात वर्षांचा होता आणि धाकटी अंगावर पीत होती. धाकटी बी दुसऱ्या वर्षी गेली. मग पोराला घेऊन इकडं रावेरच्या बाजूला केळीत आली. इथल्या बाया माझ्या बोलण्याला हसायच्या. 'आहे'ला मी 'शे' म्हणायची, त्या 'हाये' म्हणायच्या. रडत बसली असती तर दोघं उपाशी राहिलो असतो, म्हणून नाही बसली. एवढंच.

मयूरीताई आली तेव्हापासून या कामाला गोडी आली. जेवायच्या सुट्टीत ती भिंतीवरच्या एकेका चित्राचं सांगायची. आम्ही सोळा बाया भाकरी सोडून ऐकायचो. ती म्हणाली, उझबेकिस्तानला समुद्र नाही. आम्ही म्हटलं, आपल्या खानदेशाला तरी कुठं आहे? ती म्हणाली, तसं नाही, त्याच्या शेजारच्या कोणत्याच देशाला समुद्र नाही. दोन शेजाऱ्यांच्या दारात समुद्र म्हणतात असं पाणी आहे, पण ते खरं तर मोठं तळं आहे. समुद्र पाहायचा तर दोन देश ओलांडावे लागतात. जगात असे दोनच देश आहेत.

"म्हणून केळीला एवढे दिवस लागतात," आमच्यातली दगूबाई म्हणाली. "बिचारी चार ठिकाणी गाडी बदलते."

रोज्याच्या, म्हणजे रमजानच्या महिन्यात आखाताकडं केळीला फार मागणी. तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत. मी विचारलं असं का? ताई म्हणाली, चंद्राच्या महिन्यांचं वर्ष लहान असतं. आपण मधूनमधून अधिक महिना घालून ते भरून काढतो, ते लोक घालत नाहीत. साठ वर्षं मी अधिकात जावयाला वाण देताना पाहते आहे, पण तो महिना कशाला असतो ते मला केळीच्या हौदावर कळलं.

सगळ्यात जास्त केळी जगात आपल्याच देशात पिकते आणि सगळ्यात जास्त विकतो कोण, तर इक्वाडोर म्हणून एक टीचभर देश. पृथ्वीच्या बरोबर कमरेवर आहे. तिथं बारा महिने दिवस आणि रात्र सारखे. थंडीचा दिवस लहान, उन्हाळ्याचा मोठा, असलं काही नाही. दगूबाई म्हणाली, "मग तिथल्या सासूला बरं, बारा महिने सुनेला एकाच वेळी उठवायचं."

आता जे मनाला लागलं तेबी सांगते. मी नवी होती तेव्हाचं. माझ्या हातून एक फणी गेली. बुडाशी किंचित पिवळी होती, मला दिसली होती. दिवस कलला होता, पाठ दुखत होती, मी घातली खोक्यात. ते खोकं इराणला जाऊन सडलं, आजूबाजूची दहा-बारा घेऊन. खोक्यावर बांधणाऱ्या बाईचा नंबर असतो. ते खोकं माझ्या शेजारी बांधणाऱ्या सुमनचं, नंबर तिचा होता. सुमनला काढली. तिनं शपथा घेतल्या, मी पिवळी घातली नाही म्हणून. मी तिथंच उभी होती. माझं तोंड उघडलं नाही. माझा पोरगा दहावीला होता, काम गेलं असतं तर शाळा गेली असती. हे कारण आहे, पण कारण सांगून चूक पुसत नाही. सुमन पुढं कुठं गेली ते मला कळलं नाही.

आता हॉलंडचं.

आमचे मालक पारसभाऊ. राजस्थानातलं जैन घराणं, पण तीन पिढ्या इथंच. बोलणं आमच्यासारखं, जेवण मात्र दिवस बुडायच्या आत. दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. त्या वर्षी ऊस लवकर आटपून बाया परतल्या होत्या. होळीला महिनाभर होता, तेव्हा त्यांनी आम्हा सोळा जणींना बसवलं.

"अक्का, आजवर आपला माल आखातात जातो. तो काही महिन्यांचा धंदा आहे. म्हणून चार महिने काम आणि मग तुम्ही ऊसतोडीला जाता. मला ते बरं वाटत नाही. आता हॉलंडहून एकानं एक कंटेनर मागितलाय. तो हिरवागार पोचला तर दर आठवड्याला एक. म्हणजे तुम्हाला बारा महिने काम. पिवळा पोचला, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. आपली ताकद तेवढीच."

आमच्या वस्तीत सोळांपैकी नऊ घरांना दिवाळीनंतर कुलूप लागायचं. म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना मागं ठेवून किंवा पोरांना खांद्यावर घेऊन बाया ऊसतोडीला जायच्या. दगूबाईचं एक लेकरू उसाच्या फडात जन्मलं. त्यामुळं तो कंटेनर काय आहे, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

ताईनं हिशेब करून सांगितलं, हॉलंड चोवीस दिवस. मी भिंतीवर चोवीस रेघा मारल्या. चित्र काय काढू विचारलं तर ती म्हणाली, पवनचक्की काढा. मला पवनचक्की म्हणजे साक्रीकडच्या डोंगरावरची माहीत, तीन पात्यांची. ती काढली.

पंधरा दिवस गेले. मालाचा दिवस उद्यावर आला. संध्याकाळी ताई फळ्यावर एक कागद लावून गेली. जाता जाता म्हणाली, "अक्का, जहाजाचा नवा कागद लावलाय. पाहून घ्या हं."

मी म्हटलं, "पाहिला."

मी पाहिला नव्हता. पाहून बी काही झालं नसतं, तो इंग्रजीत होता. मला मराठी आकडे येतात आणि माझं नाव येतं. पण हे मी ताईला कधी सांगितलं नव्हतं. ती विचारायची, मी मान हलवायची, आणि कागद घरी नेऊन नातवाकडून वाचून घ्यायची. त्या दिवशी नातू मामाकडं गेला होता. मी म्हटलं, असेल वेळेचं काही. भिंतीवर चोवीस रेघा आहेतच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माल आला. काय माल होता! लांब, स्वच्छ, एक डाग नाही. माझा अंगठा खूश झाला. चोवीस दिवसांच्या हिशेबानं मी फण्या सोडत गेली. पोरी हौदात धूत होत्या, पुसत होत्या, पिशवीत घालून हवा ओढत होत्या. दुपारपर्यंत साडेचारशे खोकी बांधून झाली.

ताई लाईनीवर आली. एक फणी उचलून उलटीपालटी केली.

"अक्का, आज तुमचा अंगठा सैल का हो? ही अडतीस दिवस निघेल?"

"अडतीस कशाला? चोवीस."

"चोवीस आधी होते. कागद पाहिलात ना? जहाज कालव्यातून जाणार नाही. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होताहेत. खालून वळसा घालून जाणार."

माझ्या हातातली फणी हौदात पडली. पाणी सगळं तोंडावर उडालं.

ताईनं पेन थांबवलंय. लिही गं.

तिला वाटलं चूक तिची. ती रडायलाच लागली, मी तोंडानं सांगायला पाहिजे होतं म्हणून. तेवढ्यात पारसभाऊ आले. विचारलं काय झालं. ताई म्हणाली, "भाऊ, मी अक्कांना नीट..."

मला तिथं सुमन दिसली. खरंच सांगते. तशीच उभी, तसाच पदर तोंडाला लावलेली. राग आला किंवा भीती वाटली की माझ्या तोंडी माहेरची बोली येते. मी म्हटलं, "तिनी नही. हाई चूक मनी शे." मग पारसभाऊंना सांगितलं, माझी चूक आहे, मला तो कागद वाचता येत नाही, आणि येत नाही हे मी सांगितलं नाही. साडेचारशे खोकी चोवीस दिवसांच्या हिशेबाची आहेत. ती खोला.

पारसभाऊ तिथल्या खोक्यावरच बसले. मग म्हणाले, "अक्का, कंटेनर थंड असतो. तेरा अंशावर केळी झोपलेली असते."

"झोपते भाऊ, मरत नाही. अडतीस दिवस कोण झोपतं? एक उठली की सगळ्यांना उठवेल."

"ट्रक उद्या संध्याकाळी निघाला नाही तर जहाज चुकतं."

"माहीत आहे."

"खोलल्यावर भरायचं काय? एवढा कोवळा माल कोण देतो? सगळ्यांच्या बागा भरल्यात."

"भागवत नानांची मागून लावलेली आहे. बारा-पंधरा दिवस बाकी आहे तिला."

पारसभाऊ हसले. त्या दिवशी ते एकदाच हसले. "भागवत नाना? ते पिकलेलं पान तोडू देत नाहीत, कोवळा घड देतील?"

"खोका खोला, बठ्ठा खोका खोला, एक बी ठेवू नका," मी बायांना म्हटलं. "नानांकडं मी जाते."

दगूबाईनं पहिलं खोकं फाडलं. स्वतः सकाळपासून बांधलेलं खोकं फाडायचं म्हणजे घातलेली चूल मोडण्यासारखं आहे. पण एकीनं बी मला शब्दानं दुखवलं नाही. त्यातला चांगला भरलेला माल दुसऱ्या दिवशी मस्कतला लावला, पाच रेघांचं काम, वाया काही गेलं नाही. पण हे नंतरचं.

ताई स्कूटीवर मला मागं बसवून नानांच्या वावरात घेऊन गेली. भागवत नाना म्हणजे सत्तरीचा गडी, गावात सगळ्यांत नामी केळी आणि सगळ्यांत वाईट तोंड. चुलतभावाशी बांधावरून चाळीस वर्षांचं भांडण, हातभर जागेचं. विहिरीवर बसले होते.

"कुठी चालली वं अक्का, एवढ्या उन्हाची?"

"तुमच्याकडंच. बाग पाहायची."

"पाहायची का कापायची?"

"कापायची."

"अजून पंधरा दिवस नाव काढायचं नाही. मी काय कोवळं लेकरू कापून देऊ? उद्या गाव म्हणेल, नानाले घाई झाली. भाव सांगू नको मले, भाव मले माहीत हाये."

"भाव नाही सांगत. वाट सांगते. बसू का?"

ताईनं स्कूटीवर येताना मला सगळं सांगितलं होतं, आणि मला सांगितलेलं मी विसरत नाही. लिहिता येत नाही त्याला डोक्यात ठेवावं लागतं. ठिबकच्या नळीखाली माती ओली होती. मी काडी घेतली आणि काढायला लागली.

"नाना, हा आफ्रिका. केळीच्या घडासारखाच आहे, वर रुंद आणि खाली निमुळता. आपल्यासारखे नऊ देश मावतील त्यात."

"नऊ?"

"नऊ. घडाचा दांडा झाडाला जिथं असतो ना, तशी इथं वर जमीन चिकटलेली होती. माणसांनी तो दांडा कापून पाणी नेलं. त्यातून जहाज गेलं की चोवीस दिवसांत हॉलंड. आता तिथं मारामारी आहे. म्हणून जहाज असं खाली जाणार, घडाच्या टोकाला वळसा घालून पुन्हा वर. पृथ्वीची कंबर खाली जाताना एकदा ओलांडायची आणि वर येताना एकदा. अडतीस दिवस."

नाना काडीकडं पाहत होते. मी पुढं म्हटलं, "खाली टोकाला आत्ता उन्हाळा संपत आलाय. आपल्याला लागतोय आणि त्यांचा संपतोय. आणि तिथं दुपारी सूर्य उत्तरेकडून असतो. माणसाची सावली दक्षिणेला पडते."

मला वाटलं ते म्हणतील, थापा मारते. ते म्हणाले, "पडते. आपल्याकडं बी पडते."

ताई म्हणाली, "आपल्याकडं नाही नाना, आपण तर..."

"तू कॉलेजात शिकली, मी विहिरीवर. ज्येष्ठ-आषाढात काही दिवस मधल्या दुपारी सावली दक्षिणेला जाते. आणि त्याच्या आधी एक दिवस आणि नंतर एक दिवस ऊन सरळ खाली पडतं. विहिरीच्या तळाले लागतं. वर्षातून दोनदाच. त्या दिवशी तळाचा दगड दिसतो मले. बाप दाखवायचा, आता मी पाहतो. कोणाले सांगत नाही, लोक म्हणतील म्हातारा चळला."

ताईनं मोबाईल काढला, काही पाहिलं, आणि त्यांच्या पायालाच हात लावला. "खरं आहे नाना. बरोबर दोनदाच. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण मी कधी पाहिलं नाही."

नाना फुगले. मग मीच म्हटलं, "आणि हॉलंडचं ऐका. त्या देशाची बरीचशी जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली आहे. समुद्र वर, गाव खाली. बांध घालून समुद्र अडवलाय आणि मागं शेती करतात."

"बांध? समुद्राले?"

"बांध."

"आणि समुद्र बांध कोरत नाही?"

"कोरतो. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या राखतात."

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि असे हसले, असे हसले, की खोकला लागला. "मी एका चुलतभावापुढं थकलो. ते समुद्राशी बांधाचं भांडण करतात! त्याईले केळी दिलीच पाहिजे." मग एकदम चेहरा बदलला. "अक्का, खरं सांग. कोवळी कापली आणि तिकडं पिकलीच नाही तर? तो माणूस म्हणेल, कोणत्या येड्यानं पाठवली."

"पिकेल. माझा अंगठा आहे."

"त्याच अंगठ्यानं सकाळी साडेचारशे चुकवली ना? गावात कळलं मले."

"अंगठा नाही चुकला नाना. मला कागद वाचता येत नाही. तो अंगठ्याचा दोष नाही."

त्यांनी उठून जवळच्या घडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सकाळी सहाले माणसं पाठव. आणि कापणाऱ्याले सांग, घड खांद्यावर उशी ठेवून घ्यायचा. टेकवला तर मी कोयता घेऊन येईन."

परत आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. पारसभाऊंचा डबा टेबलावर तसाच बंद होता. म्हटलं, भाऊ, जेवला नाहीत. ते म्हणाले, "आता उद्या. नाना काय म्हणाले?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, कोणाला ते त्यांना माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल आला. ताई हातात तोच कागद घेऊन आली. भिंतीजवळ गेली आणि माझ्या पवनचक्कीपुढं, माझ्या चोवीस रेघांना जोडून, स्वतःच्या हातानं चौदा रेघा मारल्या. हात काळे झाले तिचे. तेव्हापासून कोणताही कागद आला की ती आधी भिंतीवर येते. आणि रोज जेवणानंतर मला एक ओळ वाचायला लावते. अजून मी अडखळते, पण "केळी" आणि "हॉलंड" इंग्रजीत ओळखते.

एकेक फणी मी हातात घेतली. हजारावर खोक्यांतली एकेक. दुपारी अंगठ्याची कातडी सोलली, तुरटीचं पाणी झोंबत होतं. संध्याकाळी ट्रक निघाला.

ते अडतीस दिवस मी कधी विसरणार नाही. माणूस दवाखान्यात असल्यावर जसं होतं तसं. दगूबाई रोज यायची आणि विचारायची, "आज कुठं?" ताई मोबाईलवर जहाज पाहून सांगायची. आज कंबर ओलांडली. आज टोकाशी आहे, दोन समुद्र भेटतात तिथं, लाटा मोठ्या आहेत. आज पुन्हा वर. होळी झाली, पाडवा झाला. कधी एक दिवस जहाज जागचं हललंच नाही तर आमची भाकरी डब्यातच राहायची. जन्मात मी समुद्र पाहिलेला नाही. पण ते अडतीस दिवस मी जहाजावरच होती.

चैत्राच्या पुनवेच्या सुमाराला दुपारी एक वाजता पारसभाऊंनी मोबाईल पाण्याच्या पिंपावर उभा केला आणि आम्ही सगळ्या त्याच्यापुढं. नाना बी आले होते, धुतलेला सदरा घालून. आमच्याकडं बाहेर आग पडत होती. त्या मोबाईलमधली माणसं जाड कोट घालून उभी, तोंडातून वाफा निघत होत्या. त्यांच्याकडं सकाळच होती अजून. नाना म्हणाले, "एकाच सूर्याखाली हे काय चाललंय!"

एका उंच गोऱ्या बाईनं खोकं उघडलं. पिशवी फाडली. एवढा वेळ लावला तिनं.

हिरवी. नानांच्या बागेत होती तशी हिरवी.

तिनं दुसरं उघडलं, तळातलं. मग मधलं. सगळी हिरवी. ती आमच्याकडं पाहून काहीतरी बोलली. ताई म्हणाली, "ती विचारते, ही निवड कोणी केली?" बाकी पंधराजणींनी माझ्याकडं बोट केलं. मला लाज वाटली, मी हौदामागं गेली. तिथं उभी राहून मी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. मग पारसभाऊंचं, ज्यांनी माझी चूक ऐकून मला काढलं नाही. मग नानांचं. मग ताईचं. हे लिही ताई, थांबू नको. ज्यांनी माझं ऐकून घेतलं त्यांची नावं घ्यायचीच.

दर आठवड्याला एक म्हणता दोन झाले. पावसात बी काम, पोळ्याला बी काम. भिंतीवर आता जागा कमी पडते.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीचा मुकादम ट्रॅक्टर घेऊन वस्तीत आला. दरवर्षी येतो, नावं लिहून घेतो आणि दिवाळी झाली की नवरा-बायकोच्या जोड्या घेऊन जातो. त्याला घरं उघडी दिसली आणि घरात माणसं दिसेनात. तो विचारत विचारत पॅकहाऊसच्या दारात आला. आम्ही चहा पीत होतो.

"काय अक्का, नऊ जोड्या लागतात मला. बाया कुठं जाणार यंदा?"

मी काही बोलायच्या आत दगूबाई म्हणाली, "हॉलंडला."

"ते कोणत्या तालुक्यात आलं?"

"समुद्राच्या खाली."

तो आमच्याकडं पाहत राहिला, आम्ही हसतोय का खरं बोलतोय ते त्याला कळेना. मग त्याला बी चहा दिला. चांगला माणूस आहे, त्याचं त्याला पोट आहे. चहा पिऊन तो उठला, वही बंडीच्या खिशात घातली आणि ट्रॅक्टर वळवला. रिकामी ट्रॉली वस्तीतल्या खड्ड्यांवरून खडखड वाजत गेली. आम्ही सोळाजणी दारात उभ्या राहून तो आवाज संपेपर्यंत ऐकत होतो.